एका वेलांटीचा फरक: ऑर्डिनन्स म्हणजे काय आणि ऑर्डनन्स म्हणजे काय?

30 जून 2021 रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी एक ऑर्डिनन्स काढला. त्याचा रोख होता ऑर्डनन्स कारखान्यांवर. इंग्रजी बातमीत हे दोन शब्द शेजारी शेजारी वाचले की छपाईची चूक झाली असं वाटावं. पण चूक नव्हती. पहिला शब्द म्हणजे अध्यादेश, म्हणजेच आपला वटहुकूम. दुसरा म्हणजे दारूगोळा आणि शस्त्रसामग्री. इंग्रजीत या दोन शब्दांत फक्त एका 'आय'चा फरक आहे. पहिल्यात तो 'आय' आहे, दुसऱ्यात नाही. देवनागरीत लिहिलं तर हाच फरक एका वेलांटीचा होतो.

महाराष्ट्रात हा गोंधळ जास्त होतो, कारण दोन्ही शब्द आपल्या रोजच्या वापरातले आहेत. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, भद्रावती, नागपूरजवळची अंबाझरी या सगळ्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या लोक 'फॅक्टरीत' कामाला आहेत. बोलताना त्यातले कितीतरी जण सरळ 'ऑर्डिनन्स फॅक्टरी' म्हणतात. छापील मजकुरातही हे रूप सर्रास दिसतं. दुसरीकडे आरक्षण असो की महापालिकेच्या निवडणुका, 'सरकार अध्यादेश काढणार' ही बातमी वर्षातून चार-दोनदा येतेच. बोलण्यातल्या वेलांटीबद्दल माझी फारशी तक्रार नाही. पण या शब्दांमागे काय आहे ते माहीत नसलं की बातमी वाचूनही हाती काही लागत नाही. विशेषतः अध्यादेशाच्या बाबतीत हे नागरिक म्हणून आपल्याला महागात पडतं. म्हणून हा लेख.

एकाच आईची दोन लेकरं

दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे. लॅटिनमध्ये व्यवस्था लावणं, क्रम ठरवणं या अर्थाचं एक क्रियापद होतं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये नाम तयार झालं आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं. सुरुवातीला त्याचा अर्थ एवढाच होता: कुणीतरी अधिकाराने लावून दिलेली व्यवस्था.

राजाने हुकूम काढून लावलेली व्यवस्था हा त्याचा एक अर्थ. लढाईसाठी केलेली जमवाजमव आणि सामानाची तजवीज हा दुसरा. पुढे दुसऱ्या अर्थाने वापरताना त्या तजविजीपेक्षा प्रत्यक्ष सामानाकडे, त्यातही तोफांकडे बोट दाखवलं जाऊ लागलं. बोलताना मधला स्वर गळाला. दोन्ही रूपं बराच काळ एकमेकांत मिसळून लिहिली जात होती. साधारण सतराव्या शतकात वाटणी पक्की झाली. स्वर असलेलं रूप हुकमाकडे गेलं आणि स्वर गळालेलं तोफांकडे.

फ्रेंचमध्ये ही वाटणी अशी झालीच नाही. तिथे सरकारने काढलेला हुकूमही 'ऑर्डोनान्स' आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधांची चिठ्ठीही 'ऑर्डोनान्स'.

ऑर्डनन्स म्हणजे फक्त तोफा का?

नाही. तोफा, दारूगोळा, बॉम्ब, क्षेपणास्त्रं हा त्याचा गाभा आहे. पण लष्कराच्या भाषेत या शब्दाची व्याप्ती बरीच मोठी आहे. सैन्याला लागणाऱ्या सामानाचा साठा, त्याची देखभाल आणि पुरवठा हे सगळं त्यात येतं. भारतीय लष्करात यासाठी आर्मी ऑर्डनन्स कोअर नावाची स्वतंत्र शाखा आहे. देहूरोडला आणि मुंबईत कांदिवली-मालाडच्या पट्ट्यात जो मोठा 'डेपो' आहे, तो सेंट्रल ऑर्डनन्स डेपो. चेन्नईजवळच्या आवडीला ऑर्डनन्स क्लोदिंग फॅक्टरी आहे आणि तिथे गणवेश शिवले जातात. कानपूरला पॅराशूट बनतात. म्हणजे जवानाच्या अंगावरचा कपडाही याच कुटुंबातला.

भारतात हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीबरोबर आला. कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये 1775 मध्ये बोर्ड ऑफ ऑर्डनन्स स्थापन झालं. कोलकात्याजवळच्या काशीपूरला तोफांचा कारखाना उभा राहिला आणि 18 मार्च 1802 रोजी तिथे उत्पादन सुरू झालं. आजही 18 मार्च हा ऑर्डनन्स कारखान्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडची खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी 1869 ची. शेजारची हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, 1940 ची. स्वातंत्र्यानंतर, त्यातही 1962 च्या चीन युद्धाच्या आगेमागे विदर्भ आणि खानदेशात आणखी कारखाने आले. सरकारी मराठीत यांना आयुध निर्माणी म्हणतात. 2021 मध्ये देशभरात असे 41 कारखाने होते आणि त्यातले 10 महाराष्ट्रात होते.

इंग्लंडचे नकाशे ज्यांनी पाहिले असतील त्यांना 'ऑर्डनन्स सर्व्हे' हे नाव ओळखीचं असेल. नकाशांचा आणि तोफांचा काय संबंध, असा प्रश्न पडतो. संबंध सरळ आहे. 1791 मध्ये फ्रान्सकडून आक्रमणाची भीती असताना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याचे अचूक नकाशे लष्कराला हवे होते. ते काम दारूगोळा सांभाळणाऱ्या खात्याकडे, म्हणजे बोर्ड ऑफ ऑर्डनन्सकडे गेलं. आज डोंगर चढायला निघालेले ब्रिटिश लोक त्याच संस्थेचा नकाशा खिशात घेऊन जातात.

हा शब्द आंतरराष्ट्रीय बातम्यांत सर्वात जास्त भेटतो तो 'न फुटलेला ऑर्डनन्स' या रूपात. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यातले क्लस्टर बॉम्बमधले कितीतरी लहान गोळे तेव्हा फुटलेच नाहीत. ते शेतात, बांधावर, नदीकाठी पडून राहिले आणि युद्ध संपून अर्धं शतक उलटलं तरी माणसं त्यांनी जखमी होतात, मरतात. इथे 'ऑर्डिनन्स' असं वाचलं तर त्या बातमीचा काहीही अर्थ लागणार नाही.

आपल्याला इतकं लांब जायचीही गरज नाही. 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला आणि आठ कामगारांचा जीव गेला. इमारतीचं छत कोसळलं, आवाज काही किलोमीटरपर्यंत ऐकू गेला. 'ऑर्डनन्स' हा शब्द कागदावर कोरडा दिसतो. ज्या घरातला माणूस रोज सकाळी त्या गेटमधून आत जातो त्या घराला त्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

आता वेलांटीवाला: अध्यादेश

या शब्दावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत.

कायदा करणं हे संसदेचं आणि विधिमंडळाचं काम. सरकार म्हणजे मंत्रिमंडळ. त्याचं काम कायदा राबवण्याचं. पण संसद वर्षभर बसत नाही. अधिवेशन चालू नसताना काही तातडीचं घडलं आणि त्यासाठी कायद्यातच बदल करणं भाग असलं तर काय करायचं? यासाठी राज्यघटनेत सोय आहे. केंद्रासाठी कलम 123, राज्यांसाठी कलम 213. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती किंवा राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. त्याला कायद्याइतकंच बळ असतं. कायद्याने शिक्षा होत असेल तर अध्यादेशानेही होते, कर लागत असेल तर अध्यादेशानेही लागतो.

हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. रात्री पाण्याचा पंप जळाला. सकाळी नळाला पाणी हवं. सर्वसाधारण सभा बोलवायची तर नोटीस काढा, दिवस थांबा. अशा वेळी सचिव आणि कमिटी मिळून पंप आणतात, पैसे देतात. पुढच्या सभेत तो खर्च सभासदांपुढे ठेवून मंजूर करून घ्यावा लागतो. सभेने 'नाही' म्हटलं तर कमिटी अडचणीत येते. अध्यादेश म्हणजे सभेआधी आणलेला पंप. अधिकार सभेचा, तातडी म्हणून कमिटीने वापरला, हिशेब मात्र सभेला द्यायचा.

हा हिशेब देण्याची मुदत घटनेत लिहिलेली आहे. अधिवेशन सुरू झालं की अध्यादेश सभागृहांपुढे ठेवावा लागतो. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो आपोआप संपतो. दोन्ही सभागृहं वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरची तारीख धरायची. सभागृहांनी नामंजुरीचा ठराव केला तर तो आधीच जातो आणि सरकार स्वतःहून केव्हाही मागे घेऊ शकतं. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर ठेवता येत नाही. त्यामुळे सहा महिने अधिक सहा आठवडे, म्हणजे जेमतेम साडेसात महिने, हे कुठल्याही अध्यादेशाचं जास्तीत जास्त आयुष्य. महाराष्ट्रात विधानसभा आणि विधान परिषद दोन्हींपुढे तो जातो. गोव्यात विधान परिषद नाही, तिथे फक्त विधानसभेपुढे.

राष्ट्रपती आणि राज्यपाल आपल्या मर्जीने काढतात का?

नाही. सही त्यांची, निर्णय मंत्रिमंडळाचा. बातमीत 'राज्यपालांनी अध्यादेश काढला' असं येतं आणि ते कायद्याच्या भाषेत बरोबरही आहे. पण जाब विचारायचा असेल तर तो सरकारला विचारायला हवा. अध्यादेशाने घटनादुरुस्ती करता येत नाही. मूलभूत हक्कांच्या आड येणारी जी गोष्ट संसदेला करता येत नाही ती अध्यादेशालाही करता येत नाही. न्यायालय त्याची तपासणी करू शकतं.

चांगल्या कामासाठीही वापरतात ना?

वापरतात, आणि ते मान्य करायलाच हवं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते आणि विधेयक विधिमंडळात अडकून पडलं होतं. खुनानंतर त्याच महिन्यात राज्याने त्यासाठी अध्यादेश काढला. पुढे डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी तो कायदा म्हणून मंजूर केला. वाट अशीच असायला हवी: आधी अध्यादेश, मग सभागृहात चर्चा, मग कायदा. एप्रिल 2020 मध्ये कोविडच्या काळात डॉक्टर आणि नर्सवर हल्ले होऊ लागले तेव्हाही संसद बंद होती. केंद्राने साथरोग कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती केली आणि असे हल्ले अजामीनपात्र गुन्हा ठरवले. घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी या तरतुदीचं समर्थन केलं ते याच मुद्द्यावर. सभागृह बसलेलं नसताना अशी परिस्थिती येऊ शकते की हाताशी असलेला कायदा पुरा पडत नाही.

पण तातडीची व्याख्या सरकारच ठरवतं, आणि तिथेच घसरण सुरू होते. 19 जुलै 1969 च्या रात्री 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण अध्यादेशाने झालं. त्यात आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. संसदेचं अधिवेशन 21 जुलैला सुरू व्हायचं होतं, म्हणजे फक्त दोन दिवसांनी! राष्ट्रीयीकरण योग्य होतं की अयोग्य यावर दोन मतं असतील, मला इथे त्यात पडायचं नाही. दोन दिवस थांबता आलं नसतं का, हा प्रश्न मात्र तेव्हाही विचारला गेला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांनी तर पन्नासच्या दशकातच सरकारला लिहून कळवलं होतं की अध्यादेश काढण्याची पद्धत मुळात लोकशाहीच्या प्रकृतीशी जुळणारी नाही. सरकार तेव्हा त्यांच्याच पक्षाचं होतं, हे विसरू नये.

मुदत संपली की पुन्हा काढला तर?

या प्रश्नाचं उत्तर पुण्यातून आलं आणि ते प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

डॉ. डी. सी. वाधवा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत अध्यापक होते. त्यांनी बिहारमध्ये निघालेल्या अध्यादेशांचा माग काढला. जे हाती लागलं ते चक्रावून टाकणारं होतं. 1967 ते 1981 या काळात बिहारच्या राज्यपालांनी 256 अध्यादेश काढले होते, आणि ते पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले होते. कुठला एक वर्ष, कुठला पाच, कुठला दहा. उसाच्या पुरवठ्याबद्दलचा एक अध्यादेश तर जवळजवळ 14 वर्षं चालला. युक्ती साधी होती. अधिवेशन सुरू व्हायचं, अध्यादेशाचं विधेयक सभागृहात यायचंच नाही, अधिवेशन संपायचं, आणि मुदत संपायच्या आत तोच मजकूर नव्या अध्यादेशात उतरवला जायचा. पंप आणला, सभा झाली, पण सभेच्या विषयपत्रिकेवर पंपाचा विषयच नाही. आणि दर काही महिन्यांनी नवी पावती!

वाधवांनी हे 1983 मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. 1984 मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. बिहार सरकारने हरकत घेतली की पुण्यातल्या प्राध्यापकाचा बिहारच्या अध्यादेशांशी काय संबंध? न्यायालयाने ती हरकत मानली नाही. कायद्याचं राज्य घटनेप्रमाणे चालावं, याबद्दल आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असं न्यायालय म्हणालं. 20 डिसेंबर 1986 रोजी सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने निकाल दिला. अध्यादेश असे फिरवून फिरवून काढत राहणं ही घटनेची फसवणूक आहे. या संशोधनाची दखल घेऊन बिहार सरकारने वाधवांना खर्चापोटी 10 हजार रुपये द्यावेत, असाही आदेश झाला. 256 अध्यादेशांच्या तारखा राजपत्रांतून एकेक करून जुळवण्याचं काम किती चिकाटीचं असेल, याचा विचार केला की त्या रकमेपेक्षा त्यामागचा मान मोठा वाटतो.

निकालानंतर हे पूर्ण थांबलं का? नाही. न्यायालयाने एक फट ठेवली होती. अधिवेशनात कामाचा बोजा इतका असेल की विधेयक घेताच आलं नाही, तर अपवाद म्हणून चालेल. भूसंपादन कायद्यात बदल करणारा केंद्राचा अध्यादेश डिसेंबर 2014 मध्ये निघाला, एप्रिल 2015 मध्ये पुन्हा आणि मे महिन्यात तिसऱ्यांदा. एप्रिलमध्ये तो काढता यावा म्हणून आधी राज्यसभेची सत्रसमाप्ती करण्यात आली, कारण दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असेल तर अध्यादेश काढताच येत नाही. एक जरी बंद असलं तरी चालतं. शेतकऱ्यांचा आणि विरोधकांचा विरोध इतका झाला की शेवटी ऑगस्ट 2015 अखेर तो संपू दिला गेला. वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी ही वाट वापरली आहे. विरोधात असताना अध्यादेशाला नावं ठेवायची आणि सत्तेत आलं की तोच काढायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

अध्यादेशाने ऑर्डनन्सला गाठलं तेव्हा

आता सुरुवातीची 2021 ची बातमी समजायला सोपी जाईल. 16 जून 2021 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की 41 ऑर्डनन्स कारखाने चालवणारं बोर्ड मोडायचं आणि त्याच्या सात सरकारी कंपन्या करायच्या. कामगार संघटना खवळल्या. उद्या या कंपन्या विकल्या तर आमच्या नोकरीचं, निवृत्तिवेतनाचं काय, ही त्यांची भीती होती. 26 जुलैपासून बेमुदत संपाचा इशारा त्यांनी दिला. 70 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा हा प्रश्न होता.

30 जूनला अध्यादेश आला. संरक्षणाशी संबंधित अत्यावश्यक सेवांमध्ये संपावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. बंदी मोडून संपात भाग घेतला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. संपाला चिथावणी दिली तर दोन वर्षांपर्यंत. पावसाळी अधिवेशन 19 जुलैला सुरू झालं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. अध्यादेशाचा कायदा झाला. 1 ऑक्टोबर 2021 पासून सात कंपन्या सुरू झाल्या. त्यातल्या दारूगोळ्याच्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आहे आणि यंत्र इंडियाचं नागपुरात.

सीमेवर तणाव असताना दारूगोळ्याचं उत्पादन थांबू देता येणार नाही, हा सरकारचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण अधिवेशन तीन आठवड्यांवर आलेलं होतं. संप त्यानंतरच्या आठवड्यात व्हायचा होता. विधेयक थेट मांडून कामगारांचं म्हणणं आधी सभागृहात ऐकून घेता आलं असतं, असं माझं मत आहे. आधी हत्यार हातात घ्यायचं आणि मग चर्चेला बसायचं, यात चर्चेला अर्थ उरत नाही.

इतर ठिकाणचे ऑर्डिनन्स

आणखी दोन ठिकाणी हा वेलांटीवाला शब्द वेगळ्या अर्थाने येतो, ते थोडक्यात. विद्यापीठांचे परीक्षा, प्रवेश, फी यांचे जे नियम असतात त्यांनाही ऑर्डिनन्स म्हणतात. 'ऑर्डिनन्सचे मार्क मिळून सुटलो' असं इंजिनीअरिंगची पोरं म्हणतात ते यातलंच. त्याचा राज्यपालांच्या अध्यादेशाशी संबंध नाही आणि त्याला सहा आठवड्यांची मुदतही नाही. अमेरिकेत ऑर्डिनन्स म्हणजे शहराच्या कौन्सिलने केलेला स्थानिक कायदा. अंगणातलं गवत किती वाढू द्यायचं, रात्री गाडी कुठे लावायची, असे त्याचे विषय. तो निवडून आलेल्या सभागृहानेच केलेला आणि कायमचा असतो. त्यामुळे न्यू जर्सीतल्या नातेवाइकाने 'आमच्या गावात ऑर्डिनन्स आलाय' म्हटलं तर त्याचं भाषांतर अध्यादेश असं करू नका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष सही करतात तो एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, तो पुन्हा तिसराच प्रकार.

जीआर म्हणजेच अध्यादेश ना?

नाही. महाराष्ट्रात सर्वात जास्त गल्लत इथे होते.

मराठा आरक्षणाचा प्रवास पाहिला तर एकाच विषयावर वेगवेगळ्या जातीचे कागद निघालेले दिसतात. 9 जुलै 2014 रोजी निघाला तो अध्यादेश, 16 टक्क्यांचा. 2018 मध्ये झाला तो कायदा, विधिमंडळाने केलेला. जानेवारी 2024 मध्ये वाशीत मोर्चा थांबला तेव्हा सगेसोयऱ्यांबद्दल जो कागद देण्यात आला तो अधिसूचनेचा मसुदा होता. त्यावर हरकती मागवल्या होत्या. म्हणजे तो लागू झालेला नियमही नव्हता, तरी त्या दिवशी अनेकांच्या तोंडी 'अध्यादेश निघाला' हेच शब्द होते. 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटबद्दल निघाला तो जीआर, म्हणजे शासन निर्णय. या चारही कागदांची ताकद वेगळी आहे. जीआर हा सरकारने आपल्याच यंत्रणेला दिलेला आदेश. त्याने कायदा बदलत नाही. अधिसूचनेने कायद्याखालचे नियम लागू होतात किंवा बदलतात. अध्यादेश खुद्द कायद्याच्या जागी उभा राहतो, पण मुदतीपुरता.

गोंधळाचं एक कारण कागदावरच छापलेलं असतं. जीआरच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं लिहून खाली सचिव, उपसचिव किंवा एखाद्या अधिकाऱ्याची सही असते. राज्यपालांचं नाव दिसलं की लोकांना वाटतं हा अध्यादेशच. पण सरकारचा सगळाच कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. अध्यादेश ओळखायचा त्याच्या सुरुवातीवरून. तो राजपत्रात येतो, त्यावर 'महाराष्ट्र अध्यादेश' असा क्रमांक आणि साल असतं, आणि पहिल्याच परिच्छेदात 'ज्याअर्थी' अशी सुरुवात करून विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू नाही आणि तातडीने कारवाई करणं भाग आहे अशी राज्यपालांची खात्री पटली आहे, असं नमूद केलेलं असतं. तो मजकूर नसेल तर तो अध्यादेश नाही, मग व्यासपीठावरून कुणी काहीही म्हणो.

अध्यादेश संपला तर त्याने मिळालेलं परत जातं का?

जाऊ शकतं, आणि म्हणूनच मुदत लक्षात ठेवायची. 2014 मध्ये मराठा आरक्षणाबरोबरच मुस्लिम समाजातल्या काही गटांसाठी 5 टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग थांबवलाही नव्हता. पण त्याचा कायदा झाला नाही, मुदत उलटली आणि आरक्षण संपलं.

बिहारमधलं दुसरं प्रकरण याहून बोलकं आहे. 1989 मध्ये अध्यादेशाने 429 खासगी संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेतल्या. शिक्षक सरकारी नोकर झाले. मग तेच: एकामागून एक अध्यादेश, विधेयक सभागृहात नाहीच, आणि 30 एप्रिल 1992 ला शेवटचा अध्यादेश संपला. शिक्षक म्हणाले, आम्ही एकदा सरकारी नोकर झालो, आता ते कसं पुसणार? खटला चालत राहिला. 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक आहे, तो टाळून पुन्हा पुन्हा काढणं ही घटनेची फसवणूकच आहे, आणि संपलेल्या अध्यादेशाने दिलेले हक्क आपोआप कायमचे होत नाहीत. शिक्षकांना दिलेला पगार परत घेऊ नये, एवढी मुभा न्यायालयाने दिली. सरकारी नोकरीचा हक्क मात्र त्यांना त्या अध्यादेशांतून मिळाला नाही.